टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) लिगामेंटचं ऑपरेशन आणि पाण्यातले व्यायाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करतो. नागपूर-अमरावतीहून ऑपरेशन करून माणूस गावी परततो. हातात व्यायामाचा छापील कागद असतो, त्यावर कुठंतरी 'हायड्रोथेरपी' असं लिहिलेलं असतं आणि तिथून फोन सुरू होतात. तेच प्रश्न इथं घेतले आहेत, बरेचसे आले त्याच भाषेत. लिगामेंट म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी. वेगळं सांगितलं नसेल तिथं उत्तर पुढच्या क्रॉस लिगामेंटच्या, म्हणजे एसीएलच्या ऑपरेशनचं आहे. बाकीच्यांनी आधी प्रश्न १४ वाचावा. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. टोंगळ्याच्या आत काय काय केलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१. पाण्यातले व्यायाम म्हणजे पोहणंच ना? मले तर पोहता येत नाही.

पोहता येण्याची गरज नाही. छातीइतक्या पाण्यात, दोन्ही पाय तळाला टेकवून, कठड्याला धरून चालायचं, टाचा उचलायच्या, पाय हलवायचे, एवढंच. डोकं पाण्याखाली जात नाही. पोहणं ही फार पुढची आणि वेगळी गोष्ट आहे (प्रश्न ९).

२. जमिनीवर व्यायाम करतोच आहे. पाण्यात असं काय आहे?

तीन गोष्टी आहेत. पहिली, वजन. पाणी बेंबीपर्यंत असेल तर पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं, छातीपर्यंत असेल तर जवळपास एक तृतीयांश आणि गळ्यापर्यंत असेल तर दहावा हिस्सा. म्हणजे ७० किलोच्या माणसाचा भार छातीभर पाण्यात २०-२५ किलोवर येतो. कुबड्या घेऊन लंगडत आलेला माणूस पाण्यात उतरतो आणि दोन-चार फेऱ्यांत सरळ पाऊल टाकायला लागतो. टाच आधी, मग चवडा. लंगडण्याची सवय अंगात मुरायच्या आत चाल सुधारते, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

दुसरी, दाब. पाणी चहूबाजूंनी दाबतं आणि जितकं खोल तितकं जास्त. एक मीटर खोलीवर हा दाब पाऱ्याच्या ७४ मिलिमीटरच्या आसपास भरतो. पायाभोवती पट्टी आवळून बांधल्यासारखं होतं आणि घोट्या-टोंगळ्याची सूज वर सरकायला मदत होते.

तिसरी, विरोध. पाण्यात पाय हळू हलवला तर पाणी वाट देतं, जोरात हलवला तर अडवतं. वेग दुप्पट केला तर विरोध साधारण चौपट होतो. तुम्ही थांबलात की विरोधही थांबतो. किती जोर लावायचा हे तुमच्या हातात राहतं. पण घाई केली तर ताणही चौपट, हेही त्यातच आलं.

३. टाके काढले. आता उतरू का?

नाही, थांबा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, पण टाके निघाले म्हणजे जखम पाण्यासाठी तयार झाली असं नाही. सगळ्या जागा कोरड्या, बंद आणि खपली गळून गेलेल्या हव्यात. दुर्बिणीची बारीक छिद्रं लवकर भरतात. ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायला तुमच्याच शरीरातून घेतलेली दोरी) काढलेली, नडगीच्या वरच्या टोकाशी असलेली लांब चीर मागे राहते. तीच नीट पाहा. बोटाने हलकं दाबून ओल येत असेल तर नाही म्हणजे नाही. स्वच्छ पाण्यात उतरायला बहुतेकांना ३ ते ४ आठवडे लागतात आणि तेही सर्जनने जखम पाहून होकार दिल्यावरच.

इथं माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटच्या चिरेवर ज्वारीच्या दाण्याएवढी ओलसर जागा राहिली होती. मी पाहिली, 'वाळेल' म्हटलं आणि पाण्यात उतरू दिलं. चार दिवसांत तिथं पू झाला. त्याला पुन्हा शहरात नेऊन जखम धुवावी लागली. संसर्ग सांध्यात गेला नाही, हे नशीब. सांध्यात गेला असता तर ग्राफ्टही जाऊ शकलं असतं. तेव्हापासून मी दाण्याएवढ्या जागेलाही दोन आठवडे देतो.

४. जखमेवर पन्नी बांधून उतरलो तर?

आंघोळीसाठी पन्नी ठीक. पाण्यात बुडून चालताना ती सरकते, आत पाणी शिरतं आणि तेच घाण पाणी अर्धा तास जखमेला चिकटून राहतं. नको.

५. आमच्या वावरात विहीर आहे. विहिरीत चालते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि माझं उत्तर नेहमी नाही असंच असतं. विहिरीत छातीभर पाणी धरून उभं राहायला सपाट तळ नसतो. उतरायला कपारीतले दगड किंवा लोखंडी कड्या असतात. ऑपरेशनच्या टोंगळ्यावर उलटं वळून त्या उतरणं हाच मोठा धोका आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेव्हा उतार आणखी वाढतो. शिवाय पाण्यात मोटार सोडलेली असते. केबलचा जोड सैल झाला, अर्थिंग नीट नसलं तर पाण्यात करंट उतरतो. थ्री-फेज रात्री येणार की दिवसा, याचा आपल्याकडे भरवसा नाही. 'लाइन नव्हती म्हणून उतरलो' हे कारण पुरेसं नाही, ऑटो स्टार्टर लावलेला असतो, लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते.

शेततळं तर त्याहून वाईट. त्याच्या उतारावर जे प्लॅस्टिकचं अस्तर असतं ते ओलं झालं की दोन पायांवर धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. दरवर्षी त्यात माणसं, लेकरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. व्यायामासाठी शेततळ्याच्या काठाशीसुद्धा जाऊ नका.

नदी, कालवा, भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव यांच्यात तळ दिसत नाही. गाळात पाय रुततो, आणि रुतलेला पाय वळला की नव्या लिगामेंटवर नेमका नको तो पीळ बसतो. जनावरं बसतात त्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसची (जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) भीती आहे, पावसाळ्यात जास्तच. जखम पूर्ण भरल्यावरही मी हे पाणी व्यायामासाठी सुचवत नाही.

६. मग खेड्यात करायचं कुठं? रोज नागपूरला जायचं का?

आठवड्यातून दोनदा शहरातल्या तलावावर जाणं जमत असेल तर उत्तमच, पण एसटीत दीड तास पाय दुमडून बसायचं आणि अर्धा तास पाण्यात चालायचं, हा सौदा पहिल्या दोन महिन्यांत बहुतेकांना परवडत नाही. आपल्याकडे ओलिताच्या बऱ्याच वावरांत विहिरीजवळ सिमेंटचा हौद असतो. तो नीट करून घेतला तर पुरतो.

मोर्शीकडच्या एका संत्रा-बागाईतदाराने केलेली सोय अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. हौद आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद. त्यात साडेतीन फूट पाणी भरलं की जवळपास ६,००० लिटर होतं. बसक्या उंचीच्या बाईला एवढं पाणी छातीखाली येतं, उंच गड्याला कमरेच्या थोडं वर. भिंतीवर त्याने पिवळ्या ऑइल पेंटने तीन रेघा ओढल्या होत्या : बेंबी, बरगडी, छाती. आज कोणत्या रेघेपर्यंत भरायचं ते मी फोनवर सांगायचो. उतरायला गवंड्याकडून आत-बाहेर विटांच्या पायऱ्या करून घेतल्या, सहा-सहा इंचांच्या, आणि बाजूला जीआय पाइपचा कठडा. तळाला शेवाळ धरू नये म्हणून दर दोन दिवसांनी हौद रिकामा करून खराट्याने घासायचा. ते पाणी दांडाने संत्र्याला जायचं, एक थेंब वाया नाही. तळावर पोतं टाकू नका, पाण्यात ते सरकतं. सिमेंटचा खरबरीत कोबा बरा.

पाणी स्वच्छ ठेवायला ताजी ब्लिचिंग पावडर १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम पुरते. बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी हौदात ओता आणि तासाभराने उतरा. पोळ्यानंतर कपाशीवर फवारणी जोरात असते. ज्या हौदाच्या पाण्यात औषध कालवलं, पंप धुतला, तो हौद व्यायामाला कधीच वापरायचा नाही, घासून धुतला तरीही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. औषध कातडीतूनही आत जातं, हे आपण विसरायला नको. मोटार बंद करून स्टार्टरची मेन स्विच खाली पाडल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका. आणि काम झालं की हौद रिकामा करा किंवा झाका, वावरात लेकरं असतात.

७. नेमके कोणते व्यायाम, किती वेळ?

सुरुवातीला १५ ते २० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत : पुढे चालणं, मागे चालणं, कठड्याला तोंड करून आडवं चालणं. टाचा उचलणं. टोंगळा सरळ ठेवून पूर्ण पाय कमरेतून पुढे, मागे, बाजूला नेणं. पाठ भिंतीला टेकवून थोडंसं बसल्यासारखं करणं, ४५ अंशांपलीकडे नाही. मागे चालताना टोंगळा पूर्ण सरळ होतोय का बघा. पूर्ण सरळ न होणारा टोंगळा ही या ऑपरेशननंतरची सगळ्यात त्रासदायक गोष्ट आहे आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच सोडवावी लागते.

सहा ते बारा आठवडे : एका पायावर उभं राहणं, आतल्या पायरीवर चढ-उतार, जरा वेगाने चालणं.

तीन महिन्यांनंतर, सूज नसेल आणि मांडीत ताकद असेल तर छातीभर पाण्यात जागच्या जागी हळू धावणं. उड्या त्याच्याही पुढे, फिजिओने पायाची ताकद मोजल्यावर.

दोन गोष्टी टाळा. टोंगळ्यातून झटका देऊन लाथ झाडू नका. आणि ग्राफ्ट मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दोऱ्यांतून घेतलं असेल, जे बहुतेकांचं असतं, तर पहिले ८ ते १२ आठवडे टाच जोर लावून ढुंगणाकडे ओढू नका. घेतलेली जागा अजून भरत असते.

८. पाण्यात अजिबात दुखत नाही, पण घरी आलं की टोंगळा फुगते. असं काऊन?

पाण्यात वजन कमी असतं आणि दाबामुळे दुखणं झाकलं जातं, त्यामुळे किती झालं ते तिथं कळत नाही. हिशोब घरी लागतो. शिंप्याची टेप घ्या. वाटीच्या मधोमध टोंगळ्याचा घेर सकाळी मोजा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. एक सेंटिमीटर किंवा जास्त वाढला असेल तर काल जास्त झालं. एक दिवस सुट्टी, मग निम्म्या वेळापासून पुन्हा सुरुवात. मी पेशंटला वही करायला लावतो : तारीख, किती मिनिटं, घेर. पाण्यात कसं वाटलं यापेक्षा मला त्या वहीतला आकडा जास्त खरा वाटतो.

९. पोहणं कधी सुरू करू? आणि मुटका?

हातांनी पोहायचं, पाय ढिले सोडायचे किंवा मांड्यांमध्ये फोमचा तुकडा धरायचा, असं दोन महिन्यांच्या आसपास जमतं. पाय सरळ ठेवून खालीवर मारणं तीन महिन्यांनी. बेडकासारखे पाय फाकवून झटकणं मात्र सहा महिन्यांच्या आत नाही आणि त्यानंतरही विचारूनच. त्या झटक्यात टोंगळा बाजूला उघडतो आणि पिळला जातो. खोल पाण्यात उभ्या-उभ्या तरंगताना आपण पाय असेच गोल फिरवतो, म्हणून तेही नको. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी हे लक्षात ठेवावं, आपलं पोहणं बहुधा याच दोन प्रकारांचं असतं.

सूर आणि मुटका (पाय पोटाशी घेऊन मारलेली उडी) यांची वेळ कबड्डीबरोबरच (प्रश्न १०).

१०. अडीच महिने झाले, टोंगळा एकदम मस्त वाटतो. मग थांबायचं कशाला?

हीच सगळ्यात धोक्याची वेळ आहे. बसवलेलं ग्राफ्ट म्हणजे तुमच्याच शरीरातली दुसरीकडची दोरी. जागा बदलल्यावर तिचा रक्तपुरवठा तुटतो, आतल्या पेशी मरतात आणि मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी तिच्यात शिरून तिचं लिगामेंट बनवतात. या काळात, साधारण ६ ते १२ आठवड्यांत, ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. आणि नेमक्या याच दिवसांत सूज गेलेली असते, दुखणं गेलेलं असतं, चाल सरळ झालेली असते.

कबड्डी खेळणारा एक पोरगा माझ्याकडे होता. हौदातले व्यायाम एकही दिवस चुकवले नाहीत. दहाव्या आठवड्यात मित्रांसोबत विहिरीवर गेला आणि काठावरून मुटका मारला. पाण्यावर आदळताना पाय वळला. संध्याकाळी टोंगळा नारळाएवढा. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्याची आई मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, त्याले तर काही दुखतच नव्हतं." त्या माउलीचं म्हणणं खरं होतं आणि तेच मी प्रत्येक पेशंटला सांगतो : दुखत नाही म्हणजे तयार झालं असं नाही.

कबड्डी, खो-खो, फुटबॉलला किमान ९ महिने. तेही दोन्ही मांड्यांची ताकद मोजून, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांवर आल्यावर.

११. मग फक्त पाण्यातलेच व्यायाम केले तर? जमिनीवर कंटाळा येतो.

पुरणार नाहीत. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू झरझर बारीक होतो. टेपने मोजलं तर महिन्याभरात फरक दिसतो. तो परत भरायला वजन लागतं आणि पाणी तर वजन काढून घेतं. पाण्यात चाल, हालचाल आणि धीर मिळतो. ताकद जमिनीवर कमवावी लागते. ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी जमिनीवरचे व्यायाम, असं वाटून घ्या.

१२. पाणी कोमट पाहिजे का? आमचं पाणी तर थंडगार असते.

उपचाराच्या खास तलावात पाणी ३३ ते ३५ अंश ठेवतात, म्हणजे अंगाला ना थंड ना गरम. हौदाचं तसं होणार नाही. थंड पाण्यात स्नायू आखडतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी सकाळी भरून उन्हात तापू द्या आणि दुपारी १२ नंतर उतरा, १५ मिनिटांत बाहेर. मे महिन्यात उलट : पारा ४५ वर जातो, दुपारी हौदाचं पाणी अंग भाजेल इतकं तापतं आणि डोक्यावर ऊन. सकाळी ८ च्या आत उरका, आधी पाणी पिऊन घ्या. आभाळात गडगडलं की लगेच बाहेर.

१३. आम्ही खारपाणपट्ट्यातले. खारं पाणी चांगलं असते म्हणतात, समुद्रासारखं?

अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या पूर्णा खोऱ्यातलं भूजल खारं आहे खरं, पण समुद्राइतकं नाही. त्या खारेपणाने तरंगण्यात जाणवेल असा फरक पडत नाही. तोटाही विशेष नाही. फक्त नव्या व्रणावर कातडी कोरडी पडून खाजते, म्हणून नंतर गोड्या पाण्याने अंग धुवा आणि व्रणाला खोबरेल लावा.

१४. माझं एसीएल नाही. गादी शिवली आहे, किंवा मागचं लिगामेंट आहे. हेच चालेल का?

गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवली असेल तर पायावर भार किती आणि टोंगळा किती वाकवायचा याची मर्यादा सर्जन घालून देतात. बहुधा ९० अंशांपर्यंत आणि सहा आठवडे. पाण्यात वजन कमी असलं तरी वाकवण्याची मर्यादा तीच राहते. पाण्यात टोंगळा सहज वाकतो, म्हणून तिथं जास्त सांभाळा.

मागच्या क्रॉस लिगामेंटला टाच मागे ओढणारे व्यायाम नकोत, कारण त्याने नडगी मागे खेचली जाते. बाजूच्या लिगामेंटला आडवं चालणं आणि बेडूक-पाय उशिरा. या तिन्हींत प्रश्न ७ चं वेळापत्रक जसंच्या तसं लावू नका, डिस्चार्ज कार्ड घेऊन फिजिओकडे जा.

१५. उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडात गेलो तर टोंगळा लवकर बरा होईल का?

यवतमाळकडून पुष्कळ जण जातात. श्रद्धेने जायला माझी ना नाही. पण तिथं कातडीचे आजार घेऊनही लोक येतात आणि ताज्या चिरेला ते पाणी लागू नये. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तर गरम पाण्याने सूजही वाढते. जखम पूर्ण मुरल्यावर जा, ओल्या दगडांवर कोणाचा तरी हात धरा, आणि तो व्यायामाला पर्याय समजू नका.

१६. बाई माणसाने उघड्या वावरात कसं उतरायचं?

या अडचणीमुळे कितीतरी बाया व्यायामच सोडतात, म्हणून सविस्तर सांगतो. साडी, परकर नको. ओलं कापड पायात अडकतं, जड होतं आणि पडायला कारण होतं. पोटऱ्यांपर्यंत घट्ट लेगिंग आणि वरून लांब कुर्ता बरा. हौदाभोवती चार बांबू ठोकून शेडनेट बांधलं तर आडोसा होतो, वाऱ्याने उडतही नाही. एका सूनबाईंनी सासूबाईंना काठावर बसवून महिनाभर नेमाने व्यायाम केला. मिनिटं मोजायचं काम सासूबाईंचं, आणि त्या एक मिनिटही कमी होऊ देत नसत. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तरी काही बिघडत नाही.

१७. कोणी उतरूच नये?

फिट येणारे, हृदयाचा त्रास काबूत नसलेले, ताप किंवा जुलाब असलेले, कुठंही उघडी जखम असलेले. शुगर असेल तर उपाशीपोटी उतरू नका आणि पायाला बधिरपणा असेल तर तळवे रोज तपासा. पोटरी अचानक दुखून ताठ झाली, सुजली, तर ती शिरेत रक्त गोठल्याची खूण असू शकते. अशा वेळी पाणी, मालीश, शेक सगळं बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. धाप लागली, छातीत दुखलं तर तासाचाही उशीर नको. टोंगळा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर थेट सर्जनला फोन.

१८. ब्रेस (टोंगळ्याला आधार देणारा पट्टा) घालून उतरायचं की काढून?

बहुतेक वेळा काढून, पण सर्जनला विचारून. हौदापर्यंत आणि परत येताना मात्र घालायचाच. वावरातल्या ढेकळांत, धुऱ्यावर पाय मुरगळतो, पाण्यात नाही.

१९. घरचे सगळे कापूस वेचायला जातात. एकट्याने केलं तर?

नाही. चार फूट पाण्यातही चक्कर आलेला माणूस बुडतो. काठावर एक मोठं, शुद्धीवर असलेलं माणूस हवंच. पोहता येणारं असेल तर आणखी बरं. दहा वर्षांचं लेकरू चालणार नाही. वेचणीच्या दिवसांत कोणी नसेल तर हौद रिकामाच ठेवा. ओसरीवर बसून टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, मांडी आवळून टोंगळा खाली दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. असं वीस वेळा, दिवसातून तीनदा. पाणी दिवाळीनंतरही मिळेल.